कुंडीची तहान आणि घड्याळाचे पाणी

भोपाळ शहरातील अवधपुरी भागात आम्ही राहतो. घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यात चौदा कुंड्या आहेत. शेतकरी वाचकांना ही संख्या ऐकून हसू येईल. ज्यांच्या वाडीतील केळी शेकड्यांनी मोजायच्या, त्यांनी चौदा कुंड्यांचे कौतुक ते काय ऐकावे? परंतु या चौदा कुंड्यांना पाणी कसे द्यावे या एका प्रश्नापायी आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, जेवढे पैसे गेले आणि जेवढा मनस्ताप झाला, तेवढा आमच्या वडिलांना सबंध वाडी शिंपताना कधी झाला नसेल. त्यातून आमचे एक मत बनले आहे. ते वाडीवाल्यांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

मत असे की, झाडाला पाणी घड्याळ पाहून देऊ नये, त्याची तहान पाहून द्यावे. आपोआप पाणी देण्याची पुष्कळ साधने आज बाजारात मिळतात. त्यांपैकी काही तहान ओळखतात, काही फक्त वेळ ओळखतात. वेळ ओळखणारी साधने महाग असतात, दिसायला देखणी असतात आणि घरातल्या कुंड्यांसाठी बहुधा अनावश्यक असतात.

हा प्रश्न आमच्या घरी उद्भवला तो आईमुळे. वडील वारल्यानंतर ती वसई सोडून आमच्याकडे आली. येताना तिने वाडीतल्या पानवेलीचे दोन कांडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. वाडी आता राहिलेली नाही, तेथे इमारत आहे. त्यामुळे त्या वेलीला आमच्या घरात काय मोल असेल हे वसईच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पानवेल ही सावलीतली, नाजूक जात. तिला ओल सतत हवी, पण मुळाशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही. भोपाळच्या मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो, बाहेर लू वाहते आणि हवा इतकी कोरडी की दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात. अशा हवेत आईने ती वेल घरातल्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी जगवली, वाढवली, तिची कांडी शेजाऱ्यांना दिली. रोज सकाळी बादली घेऊन ती एकेका कुंडीशी जायची, मातीत बोट घालून पाहायची आणि तांब्याने पाणी घालायची.

पुढे गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी सांगितले, बादली उचलायची नाही. त्याच सुमारास, २०२३ च्या मे महिन्यात, घरच्या एका लग्नासाठी आम्हां सर्वांना बारा दिवस वसईला जायचे होते. आईचे ओझे हलके होईल आणि आपल्या गैरहजेरीत कुंड्याही भिजतील, असा दुहेरी विचार करून आम्ही एक पंप आणला. पाण्यात बुडवायचा छोटा पंप, बारीक नळ्या, प्रत्येक कुंडीसाठी एक ठिबकणी आणि भिंतीवरच्या प्लगात बसवायचे टायमर. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो जोडला. पाणी भरपूर असावे म्हणून मोठा ड्रम घेतला आणि पंपाला जोर कमी पडू नये म्हणून तो ड्रम स्टुलावर ठेवला. पाच मिनिटे चालवून पाहिला. सगळ्या कुंड्यांत पाणी पडले. आम्ही समाधानाने कुलूप लावले आणि पंजाब मेल पकडली.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरील ताईंचा फोन आला की त्यांच्या छतातून पाणी गळत आहे. आमची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. परत येऊन पाहिले तो ड्रम कोरडा ठणठणीत, पंप जळालेला, जमिनीवर मातीचे वाळलेले ओघळ. ठिबकणीजवळच्या चार कुंड्या कुजल्या होत्या, लांबच्या वाळल्या होत्या. पानवेल कुजलेल्यांत होती. आई काही बोलली नाही. तिने कुंडी उपडी करून मुळे पाहिली. ती काळी पडली होती आणि बोटांनी चुरत होती.

दोष कुणाचा? पंप विकणाऱ्याचा म्हणावा तर त्याने स्टुलावर ड्रम ठेवा असे कुठे सांगितले होते? दोष आमच्या अज्ञानाचा होता. तोच पुष्कळांच्या हातून घडतो, म्हणून तो उलगडून सांगतो. ड्रममधील पाण्याची पातळी उंच आणि नळीचे टोक खाली असेल, तर एकदा नळीत पाणी भरल्यावर पंप बंद झाला तरी ते वाहतच राहते. रबरी नळीने तोंडाने ओढून कॅनमधले रॉकेल काढायचो, तोच हा प्रकार. टायमरने पंप वेळेवर बंद केला, पाणी मात्र थांबले नाही. ड्रम एका दिवसात रिता झाला. मग रोज ठरल्या वेळी टायमर रिकाम्या ड्रममधला पंप चालू करीत राहिला आणि तो कोरडा फिरून जळला. टायमरने आपले काम चोख केले. त्याला फक्त वेळ माहीत होती. ड्रममध्ये पाणी आहे की नाही, कुंडी बुडाली की सुकली, हे त्याला कोण सांगणार?

ज्यांना पंप लावायचाच असेल त्यांनी ड्रम सर्व कुंड्यांच्या खाली, जमिनीवर ठेवावा. नळ्यांची टोके ड्रममधील पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावीत. ते जमत नसेल तर पंपातून निघणाऱ्या नळीला पाण्याच्या वर, ड्रमच्या आतच, सुईने एक छिद्र पाडावे. पंप थांबताच तेथून हवा आत शिरते आणि धार तुटते. काट्याचे साधे टायमर वीज गेली की थांबते आणि वीज आली की मागे राहिलेल्या वेळेने चालू लागते, हेही ध्यानात असू द्यावे. ओल्या जमिनीवर विजेची जोडवायर कधीही टाकू नये. घरात गळती होताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे यंत्र बसवलेले नसेल, तर पाण्यातला पंप घरी आणूच नये. घरात म्हातारे माणूस असेल तर फरशीवरचे चमचाभर पाणीही पुरेसे घातक असते.

असो. पंप गेला आणि आम्ही मडक्याकडे वळलो.

कोऱ्या मातीचे, चकाकी न दिलेले भाजके मडके पाझरते, म्हणूनच त्यात पाणी थंड राहते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच मडके गळ्यापर्यंत मातीत पुरले आणि पाण्याने भरले तर ते पाणी भोवतालची माती ओढून घेते. माती कोरडी असेल तर ओढ जास्त, माती ओली झाली की ओढ मंदावते. झाड जेवढे पिईल तेवढेच मडके देते. याला ना वीज लागते, ना टायमर. ही युक्ती काही नवी नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात पुरलेल्या मडक्यांनी पिकाला पाणी देण्याचे वर्णन आहे. आपल्याकडे हरियाणातील कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ साली स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात घड्याच्या शेतीचे प्रयोग करून त्यावर लिहिले. जेथे पाणी थोडे आणि तेही जरा खारट, तेथे घड्याभोवती भाजीपाला घेता येतो असे त्यांनी दाखवून दिले.

कुंडीसाठी मोठा घडा नको. संक्रांतीला मिळते तसले बोळके पुरते, लहान कुंडीला चहाचा कुल्हडही चालतो. रंग दिलेले घेऊ नये, रंगाने छिद्रे बुजतात. विकत घेतल्यावर ते पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावे. सकाळी बाहेरून ओलसर लागले तर कामाचे. ठणठणीत कोरडे राहिले तर फार भाजलेले आहे, आणि खाली थारोळे झाले तर चिरलेले आहे. कुंडीत झाडापासून चार बोटांवर गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर पणती उपडी ठेवावी. पणतीचे कारण पुढे सांगतो.

आमच्या मोठ्या कुंडीतल्या बोळक्यात सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. मे महिन्यात ते दोन-तीन दिवसांत संपते, थंडीत आठवडाभर सहज टिकते. मग बारा दिवस गावी जायचे तर काय? यावर उपाय आम्हांला कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याने सुचवला. दोन लिटरची बाटली पाण्याने भरून बोळक्यात उपडी रोवावी, तिचे तोंड आतल्या पाण्यात बुडलेले असावे. बोळक्यातील पाणी बाटलीच्या तोंडाखाली उतरले की एक बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी खाली येते. बाटलीला काठीचा आधार द्यावा आणि ती उन्हात ठेवू नये. आतली हवा तापून फुगते आणि पाणी उगाच बाहेर ढकलते. बाटलीला बारीकसे छिद्र असले तरी सगळा खेळ फसतो.

बोळक्याला आत-बाहेर पांढरा क्षार धरतो, विशेषतः बोअरच्या पाण्याने. वर्षातून दोनदा ते काढून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवावे आणि काथ्याने घासावे. पुन्हा पाझरू लागते.

छोट्या कुंड्यांत बोळके मावत नाही. तेथे वात लावावी. वातीचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे त्यांना वात तेल कशी वर चढवते हे शिकवावे लागणार नाही. खाली झाकणाचा डबा, वर कुंडी, कुंडीच्या तळाच्या भोकातून अर्ध्या उंचीपर्यंत आत गेलेली वात. सुती वात काही महिन्यांत मातीत कुजते, म्हणून ॲक्रिलिक लोकरीचे चार-पाच पदर पिळून घ्यावेत. कोणताही दोरा वापरण्यापूर्वी त्याचे एक टोक पाण्यात सोडून तासाभराने पाहावे. वर ओल चढली नसेल तर तो दोरा कुंडीत काय चढवणार? डब्यातील पाणी आणि कुंडीचा तळ यांत एका वितीहून जास्त अंतर ठेवू नये. वात आधी भिजवून मगच बसवावी आणि माती एकदा वरून पूर्ण ओली करावी. कोरडी वात कोरड्या मातीला पाणी देत नाही. डबा कुंडीच्या खालीच हवा. वर ठेवला तर वातसुद्धा आमच्या पंपासारखेच करते, डबा रिकामा होईपर्यंत ठिबकत राहते.

माती कोणती हेही पाहिले पाहिजे. भोपाळच्या आसपास काळी चिकण माती आहे. शेतात गव्हा-हरभऱ्याला ती सोने आहे, कुंडीत मात्र ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की भेगाळून वातीपासून सुटते. तिच्यात निम्म्याने गांडूळखत आणि नारळाचा भुसा मिसळल्यावरच आमच्या वाती चालू लागल्या. खालून पाणी दिल्याने क्षार वरच्या थरात जमतात, त्यासाठी महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून कुंडी धुवून काढावी.

आता सलाइनच्या बाटलीविषयी, कारण हा उपाय आम्हांला निदान दहा जणांनी सुचवला. मध्य प्रदेशच्या झाबुआ जिल्ह्यातील एका आदिवासी शेतकऱ्याची गोष्ट त्यामागे आहे. २००९-१० च्या सुमारास कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाने त्याने टाकून दिलेल्या ग्लुकोजच्या बाटल्या भंगारातून किलोवर विकत घेतल्या, एकेका वेलाशेजारी एकेक टांगली आणि कारली-गिलकी पिकवली. मुले शाळेत जाण्यापूर्वी बाटल्या भरीत. कोरड्या डोंगरउतारावर त्याने पीक वाचवले आणि चार पैसे मिळवले. ठिबकाचा खर्च न झेपणाऱ्या माणसाने काढलेला तो मार्ग होता, त्याला आमचा मनापासून मान आहे.

पण बारकाईने पाहा. ती बाटली रोज सकाळी कुणीतरी भरीत होते. ती आपोआप चालणारी योजना नव्हती, माणूस तिच्याजवळ होता. कुलूपबंद घरात तीच बाटली काय करील याचा हिशेब आम्ही मांडला. सलाइनच्या नेहमीच्या नळीतून वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मिनिटाला दहा थेंब पडू दिले तर तासाला तीस मिलिलिटर, दिवसाला सातशे वीस. अर्ध्या लिटरची बाटली सतरा तासांतच संपली! कुंडीची गरज दिवसाला दीडशे मिलिलिटर धरली तर मिनिटाला दोन थेंबच पडले पाहिजेत. नळीवरचा तो छोटासा चाकाचा चिमटा इतकी बारीक धार दिवसेंदिवस धरून ठेवू शकत नाही. कधी बंद पडते, कधी वाढते, आणि बाटलीतील पाणी उतरले की जोरही उतरतो. शेतातल्या वेलाला थोडे कमीजास्त चालते. घरातल्या कुंडीला चालत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. दवाखान्यात वापरलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि नळ्या घरी आणू नयेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा वेगळा ठेवून, निर्जंतुक करून, तुकडे करून मगच पुनर्वापराला द्यावयाचा असतो. रुग्णाच्या अंगाला लागलेली नळी कुंडीत लावून तिला मुलांनी हात लावावा हे बरे नव्हे. हौस असेल तर औषधाच्या दुकानातून नवी नळी घ्यावी, ती फार महाग नसते.

आणि आता पणती. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कूलरची टाकी, कुंडीखालची बशी, उघडा डबा, सारे त्याला चालते. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आपण बारा दिवस गावी गेलो आणि मागे चौदा उघडी भांडी पाण्याने भरून ठेवली, तर परतल्यावर आपले स्वागत करायला डासांची एक अख्खी पिढी तयार असते. म्हणून बोळक्यावर पणती, डब्याला घट्ट झाकण आणि वात जाण्यापुरतेच भोक. बशा काढूनच टाकाव्यात. एरवी आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून आतून घासावीत. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. झाडांच्या हौसेपायी घरात ताप आणणारी योजना, ती कितीही आपोआप चालो, आम्ही वाईटच म्हणू.

खरे तर चौदांपैकी सहा कुंड्यांना कोणतीच योजना नको होती, हे आम्हांला फार उशिरा कळले. स्नेक प्लांट, कोरफड आणि जाड पानांची इतर झाडे बारा दिवस पाण्यावाचून आनंदाने राहतात, उलट वात लावली तर कुजतात. मनी प्लांटसुद्धा खिडकीपासून दूर, सावलीत, इतर कुंड्यांना खेटून ठेवला आणि निघण्यापूर्वी चांगला भिजवला तर तग धरतो. कुंड्या एकत्र ठेवल्या म्हणजे एकमेकींची ओल धरून राहतात. वर वाळक्या पानांचे आच्छादन घालावे. हे सगळे फुकटात होते. पंप विकत घेण्यापूर्वी हा विचार कुणी करीत नाही, आम्हीही केला नव्हता.

आता ज्या गोष्टीने आम्हांला सर्वांत जास्त विचार करायला लावले ती सांगतो. बोळकी आणि वाती बसवल्यावर आम्हांला वाटले, आई खूश होईल. आता बादली नाही, वाकणे नाही. दोन दिवस ती खिडकीपाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सगळं मडकंच करणार, मग मी सकाळी उठून काय करू?" आम्ही निरुत्तर झालो. तिचे पाण्याचे ओझे काढायचे होते, पण त्याबरोबर आम्ही तिचे कामच काढून घेतले होते. सकाळी चौदा कुंड्यांपर्यंत चालणे, मातीत बोट घालणे, पिकले पान खुडणे, पानाच्या मागे किडे आहेत का ते पाहणे, हा तिचा व्यायाम होता, औषध होते आणि मानही होता. घरच्या म्हाताऱ्यांना विश्रांती देण्याच्या नावाखाली आपण त्यांना किती वेळा असे रिकामे करतो!

तेव्हापासून वाटणी अशी आहे. आठवड्यातून दोनदा आम्ही बोळकी आणि डबे भरून ठेवतो. रोज सकाळी पणत्या उघडून कोणत्या बोळक्यात किती पाणी उरले ते आई पाहते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर काडीने खुणा करते. कोणत्या कुंडीने अचानक पिणे थांबवले हे तिलाच प्रथम कळते, आणि ते कळले की मुळांचे काहीतरी बिघडले आहे हे समजते. टायमरला हे कधी समजले असते काय?

वाडीवाल्यांनी म्हणावे, हे सारे कुंड्यांचे झाले, आमचे काय? आमचे म्हणणे असे की तुमच्या विहिरीवरही हाच प्रश्न उभा आहे. रहाटाच्या काळी बैल दमत असे, माणूस दमत असे, विहिरीला भरून यायला वेळ मिळत असे. मोटार दमत नाही. वसईत टँकरवाल्यांनी मोटारी लावून विहिरी उपसल्या आणि गोड पाण्यात खारे शिरले, ते दिवस वाचक विसरले नसतील. आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी शेतपंपांना ऑटो स्विच लावलेले आहेत. रात्री केव्हाही वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि वीज जाईपर्यंत चालतो. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवांत शेतावर जावे लागत नाही हा त्याचा मोठा गुण, तो आम्ही नाकारीत नाही. रात्रीची वीज देणाऱ्यांनी त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. तरी त्या स्विचला पिकाची तहान कळत नाही. त्याला कळते ती फक्त वीज.

ठिबकाविरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. इस्राएलच्या हात्झेरिम वसाहतीत १९६५ साली ठिबक नळ्यांचा कारखाना निघाला आणि जगभर कोरडवाहू मुलखांचे रूप पालटले. आपल्याकडे जळगावच्या केळीवाल्यांनी ठिबकाचे चीज केले. लहान आणि अत्यल्प भूधारकांना त्यासाठी पंतप्रधान कृषी सिंचन योजनेतून खर्चाच्या पंचावन्न टक्क्यांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली. घ्यावे. पण ठिबक किती वेळ चालवायचे हे ठरवताना शेजाऱ्याने किती वेळ चालवले ते पाहू नये, माती पाहावी. त्यासाठी टेन्शिओमीटर नावाचे एक साधे उपकरण मिळते. पाण्याने भरलेली नळी, वर काटा आणि खाली टोकाला पाझरणारी भाजक्या मातीची टोपी. माती कोरडी झाली की ती टोपीतून पाणी ओढते आणि काटा सरकतो. म्हणजे पुन्हा मडकेच! मोठ्या हरितगृहांत अशाच उपकरणाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद होतात. तेथे यंत्राला तहान कळते, म्हणून त्या यंत्राशी आमचे भांडण नाही. ज्यांना हे उपकरण घेणे जमणार नाही त्यांनी रोपवाटिकेच्या पिशव्यांत आणि केळीच्या आळ्यात वीतभर खोल बोट किंवा काठी घालून पाहावे, आई पाहते तसे.

पानवेलीचे काय झाले हे वाचक विचारतील. खालच्या ताईंना आईने पूर्वी एक कांडे दिले होते, ते त्यांच्या मोरीशेजारच्या खिडकीत वाढले होते. ज्यांचे छत आम्ही भिजवले त्यांनीच दोन पेरांचा तुकडा तोडून वर आणून दिला. तो आता बोळक्याशेजारी आहे. यंदाच्या मे महिन्यात पुन्हा वसईला जायचे आहे आणि या वेळी आम्ही आईच्या सांगण्यावरून एक नियम केला आहे : जितके दिवस घर बंद राहणार तितके दिवस आधी, आम्ही घरात असतानाच, एकाही कुंडीला वरून पाणी घालायचे नाही. बाटल्या कालच उपड्या केल्या. आज सकाळी आईने पहिली खूण केली.